शांत दीर्घिकांबद्दल शंका

तिनं विचारलं होतं, "गॅस बंद केलास का?" आणि नवरा म्हणाला, "शनिवारी."

एवढंच. एका पायात बूट, दुसरा पाय अधांतरी, खांद्याला पिशवी, अशी ती दाराशी उभी होती आणि तो टेबलापाशी बसून कपातल्या शेवटच्या घोटाकडे बघत होता. "शनिवारी" म्हणताना तो जराही अडखळला नाही. उलट, बरेच दिवस लोंबकळलेली गोष्ट एकदाची ठरवून टाकावी तसा म्हणाला, आणि वर मान हलवून हसला. तिनं पुन्हा विचारलं नाही. आत जाऊन गॅसचं बटण पाहिलं. बंद होतं. दुसरा बूट चढवला आणि ती जिना उतरायला लागली. पण एक मजला उतरेपर्यंतच तिच्या मनात पाल चुकचुकली. गॅस आणि शनिवार. गॅस बंद करायला कुणाला शनिवार लागतो? म्हणजे उत्तर बरोबर होतं, प्रश्न वेगळा होता. दुसऱ्या कुणीतरी, दुसरीकडे कुठेतरी त्याला विचारलं होतं, "मग कधी?" आणि तो सकाळपासून त्याचं उत्तर मनात घोळवत बसला होता. ते उत्तर पत्ता चुकून तिच्याकडे आलं. बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली, तरी बाहेरचं काही दिसलं नाही. शेजारचा माणूस उतरताना "जरा सरकता का" म्हणाला तेव्हा तिनं त्याच्याकडे इतकं रोखून पाहिलं, की बिचारा माफी मागून मोकळा झाला.

तिचं काम ऐकून लोक आधी चकित व्हायचे, मग हमखास एकच प्रश्न विचारायचे. ती खगोलशास्त्रज्ञ होती, आणि कुठल्या प्रकारच्या दीर्घिका जीवसृष्टीला मानवतील याचा अभ्यास करायची. लग्नकार्यात कुणीतरी मावशी हात धरून विचारायची, "म्हणजे तिथं माणसं आहेत का गं?" ती म्हणायची, "माणसं माहीत नाहीत. घर भाड्यानं घेताना आपण बघतो ना, पाणी आहे का, शेजार कसा आहे, छत गळतं का, तेवढंच मी बघते. कोण राहतं ते नाही." मावशीला ते पटायचं. तिला स्वतःलाही पटायचं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वसाहत. काही आपल्या आकाशगंगेसारख्या सर्पिल, भुजा पसरून गरगरणाऱ्या, अजूनही नव्या ताऱ्यांना जन्म देणाऱ्या. जिथे जन्म तिथे मृत्यूही दणक्यात: मोठे तारे झटपट जगतात आणि स्फोट होऊन मरतात, आणि त्या स्फोटाच्या झोतात आसपासचे ग्रह होरपळून निघू शकतात. काही दीर्घिका बटू, वेड्यावाकड्या, कशातही न बसणाऱ्या. त्यांत जड मूलद्रव्यांचा तुटवडा, म्हणजे खडकाळ ग्रह घडवायला सामानच कमी. आणि तिसऱ्या, तिच्या लाडक्या, लंबवर्तुळाकार. प्रचंड, गोलसर, म्हाताऱ्या. त्यांतला वायू केव्हाच संपलेला. नवा तारा जवळजवळ जन्मत नाही, त्यामुळे मोठ्या ताऱ्यांच्या मरणाचा धिंगाणाही नाही. लोखंड, सिलिकॉन, लागेल ते सामान भरपूर. आणि छोटे, काटकसरी तारे वर्षानुवर्षं मंद जळत बसलेले. जीव रुजायला आणखी काय हवं? तिनं आयुष्यातली उमेदीची वर्षं हेच सिद्ध करण्यात घातली होती, की जगायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे जिथे काही घडत नाही ती.

ही निवड केवळ गणितानं झालेली नव्हती हे तिला ठाऊक होतं, पण ते ती कुणाला सांगत नसे. तिचे वडील छापखान्यात यंत्रावर कामाला होते, आणि घरी आले की घराचा छापखाना व्हायचा. ते बोलायचे म्हणजे ओरडायचे. मीठ मागायचं तरी ओरडून. आणि रागावले की मग ताट भिंतीवर जायचं, आणि ती आणि दादा पलंगाखाली. जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून आज काय वाढून ठेवलंय हे ओळखायला ती अक्षरं ओळखण्याआधी शिकली. आई म्हणायची, "मनानं वाईट नाहीत गं ते." नसतीलही. पण तिनं तेव्हाच ठरवलं होतं, की आपल्या घरात आवाज चढणार नाही. कुणाचाच. पुढे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या दुकानात ती मैत्रिणीचं व्हायोलिन घेऊन गेली. त्यानं ते हातात घेतलं, कानाशी नेलं, आणि इतक्या हळू आवाजात "फार दुखावलंय हे" म्हणाला, की ती तिथेच संपली. लग्नानंतर तो कधी ओरडला नाही. तीही नाही. भांडायची वेळ आली की दोघंही गप्प व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी भांडण आपोआप शिळं झालेलं असायचं. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस. तीही म्हणायची, हो.

विभागात तिच्या शेजारच्या टेबलावर जी बसायची तिला सगळे गणितवाली म्हणत. अंगानं भरलेली, हसली की फळ्याजवळचे खडू पडावेत अशी. दोघींनी मिळून एक लेख लिहिला होता आणि येत्या महिन्यात त्यावर सगळ्या विभागापुढे बोलायचं होतं. त्या दिवशी ती जागेवर बसते न बसते तोच गणितवालीनं खुर्ची सरकवत आणली.

"हे बघ, आकडे चोख आहेत. मी तीनदा तपासले. पण मला एक गोष्ट खटकतेय."

"काय?"

"तिथे एवढं झकास आहे, तर आपण इथे काय करतोय?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की राहण्याजोगे बहुतेक ग्रह जर तुझ्या त्या शांत दीर्घिकांत असतील, तर जगात जे कोणी डोळे उघडून वर बघतंय त्यातलं बहुतेक तिथूनच बघत असणार. मग आपण नेमके या गोंगाटाच्या वस्तीत कसे? सगळं गाव एका बाजूला राहतं आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला?"

"योगायोग असू शकतो."

"असू शकतो. पण मला नाही पटत. काहीतरी लपलंय बघ तिथे." मग आवाज खाली आणून, म्हणजे तिच्या मानानं खाली आणून, ती म्हणाली, "मला ना, शांत दिसणाऱ्या कशावरच विश्वास नाही. माझा एक काका होता, तोंडातून शब्द काढायचा नाही. गेल्यावर कळलं, गावाबाहेर दुसरा संसार होता. दोन मुलं! आणि काकू म्हणायची, आमचे हे देवमाणूस."

ती हसली. हसायलाच हवं होतं. पण ते "काहीतरी लपलंय" तिच्या मनात घर करून बसलं.

त्यानंतरचे दिवस तिनं डोळ्यात तेल घालून काढले. दिवसा दीर्घिकांवर नजर, संध्याकाळी नवऱ्यावर. आणि बघायला लागल्यावर काय, दिसायलाच लागलं. तो फोन घेईनासा झाला होता. "मेसेज कर ना," म्हणायचा, "हातात काम असतं." दुपारी दुकानात फोन केला की रिंग वाजत राहायची, कुणी उचलायचं नाही. मंगळवार-गुरुवारी तर नक्कीच नाही. पूर्वी तो कामावरून आला की काहीतरी संगीत लावायचा. ते कधी बंद झालं हे आठवायचा तिनं प्रयत्न केला, आणि आठवेना याचीच तिला भीती वाटली. विनोदावर तो हसायचा, पण किंचित उशिरा, इतरांचे चेहरे बघून, मन दुसरीकडे असलेल्या माणसासारखा. ती मागून आली आणि खांद्याला हात लावला तर दचकायचा. अपराधी माणूस दचकतो तसा. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, ती बोलत असताना तो आता तिच्या डोळ्यांत बघत नसे. त्याची नजर खाली, तिच्या ओठांवर असायची. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तिला उगीच लाजल्यासारखं झालं, या वयात. मग वाटलं, नाही, हा तुलना करतोय. आपल्या ओठांच्या कडेला आता रेघा पडल्यात, आणि हा दुसऱ्या कुठल्या तरी ओठांशी त्या ताडून बघतोय. त्या रात्री दात घासताना तिनं आरशात तोंड वेडंवाकडं करून पाहिलं. हसली, "काय" म्हणाली, "नाही" म्हणाली. आपला चेहरा बोलताना कसा दिसतो हे माणसाला कधीच कळत नाही. कळतं ते समोरच्याला, आणि समोरचा सांगत नाही.

विचारायचं एवढंच होतं. "मंगळवारी कुठे असतोस?" तीन-चार वेळा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं तर त्यानं शांतपणे काहीतरी सांगितलं असतं, आणि तिला ते शांतपणे ऐकून घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा शंका बरी. शंका निदान सोबतीला तरी असते. विभागात तिनं जुनी निरीक्षणं पुन्हा उघडली, आणि या वेळी लाडक्या दीर्घिकांकडे सासूच्या नजरेनं पाहायला लागली. मग जे ती इतकी वर्षं एका ओळीत उरकत आली होती ते पानभर पसरलं. या शांत म्हाताऱ्या तरुणपणी शांत नव्हत्या. आदळून, एकमेकींत मिसळून, एका दमात असंख्य तारे पेटवून त्या मोठ्या झाल्या. त्यांच्या पोटातलं महाकाय कृष्णविवर तेव्हा आसपासचं सगळं भाजून काढत असावं. वायू संपला तो आपोआप नव्हे, उधळला गेला म्हणून. ज्या काळात जीव रुजायचा तो काळच त्या आगीत गेला असेल, तर नंतरच्या एवढ्या थोरल्या शांततेचा उपयोग काय? ही शांतता त्यांच्या स्वभावातली नव्हती. सगळं जळून गेल्यावर उरलेली होती. तिनं संगणक बंद केला आणि बराच वेळ काळ्या पडद्यात स्वतःकडे बघत बसली. मग गणितवालीला म्हणाली, "मंगळवारी दुपारी मी नाहीये."

"कुठे जातेयस?"

"काम आहे."

"बाई गं," गणितवाली म्हणाली, "तूही आता काकासारखी बोलायला लागलीस."

दुकानासमोरच्या थांब्यावर ती बसची वाट बघत असल्यासारखी उभी राहिली. लाज वाटत होती. सिनेमातल्या बायका हे करतात तेव्हा त्यांना काळा चष्मा तरी असतो; तिच्याकडे छत्री होती, आणि ऊन नव्हतं. तो बाहेर आला, शटर ओढलं, कुलूप दोनदा हलवून बघितलं. अंगात नवा शर्ट. तो चालायला लागला आणि ती मागून. एक गोष्ट तिला जाणवली, की त्याच्या मागे चालणं फार सोपं आहे. तिचे बूट वाजत होते, एकदा तर रिकाम्या डब्याला पाय लागून केवढा आवाज झाला, पण त्यानं मागे वळून पाहिलं नाही. किती गुंग असेल माणूस! रस्ता ओलांडताना एका मोटारीनं कर्कश हॉर्न दिला, मोटार थांबता थांबता त्याच्या अंगावरच आली, आणि तो मात्र आपल्याच नादात पुढे. तिचा हात आपोआप पुढे झाला, आणि पाठोपाठ तिला रागही आला. हा जिवावर उदार होऊन निघालाय, कुणासाठी? डावीकडच्या गल्लीत एका जुन्या दुमजली घरापाशी तो थांबला. बेल दाबली नाही. दारावर पंजानं दोनदा थोपटलं, पंजा तसाच ठेवून उभा राहिला, दार उघडलं तसा आत गेला. म्हणजे बेल दाबण्याचीही गरज उरलेली नव्हती.

तळमजल्याची खिडकी उघडी होती. पडदा अर्धवट ओढलेला. ती भिंतीला लागून उभी राहिली, छत्री मिटून काठीसारखी हातात धरून. आत एका छोट्या टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसलेली. बाई पन्नाशीची असावी, केस आखूड, गळ्यात चष्मा लटकवलेला. सुंदर नव्हती, आणि हेच तिला जास्त लागलं. दोघांचे चेहरे इतके जवळ, की मधे एक वीत सुद्धा नाही. बाई बोलत होती आणि तो तिच्या ओठांकडे बघत होता. अगदी तसाच, हावऱ्यासारखा, पापणीही न लववता. खिडकीबाहेर हिला कावळ्याचा आवाज येत होता, कुठेतरी कूकर शिट्टी देत होता, आत खुर्ची करकरलेली सुद्धा ऐकू आली. पण बाईचा आवाज येत नव्हता. तिचे ओठ हलत होते, चांगले ठळक, सावकाश, आणि त्यातून काहीही बाहेर पडत नव्हतं. मग नवरा बोलला. त्याचा तो हळुवार आवाज तिच्या ओळखीचाच होता, फक्त त्यात शाळकरी मुलाची धडपड होती.

"पान."

बाईनं मान हलवली. नाही. पुन्हा ओठ मिटून उघडले, बिनआवाजी.

"मान?"

नाही.

"बाण... मला तिन्ही सारखेच दिसतात हो," तो म्हणाला आणि थकून मागे टेकला. "प, ब आणि म. ओठ तर तसेच मिटतात."

"सारखेच दिसणार," आता बाई मोठ्यानं, सुटं सुटं बोलली. "शब्द नका ओळखू. वाक्य ओळखा. मागचं-पुढचं धरा. आणि घरी सांगितलंत का?"

तो टेबलाकडे बघत राहिला.

"मागच्या वेळी म्हणाला होतात, सांगतो. हे असं किती दिवस रेटणार? कानाला यंत्र लावायचं म्हटलं तर दुकानात दिसेल म्हणता. बायकोशी बोलायचं म्हटलं तर..."

"तिला शांतता आवडते," तो म्हणाला. "तिला माझ्याशी ओरडून बोलावं लागेल. तिला ते नाही जमायचं. तिच्या घरी..."

ती खिडकीपाशी उभी होती, आणि तिच्या हातातली छत्री खाली पडली. त्या आवाजानं बाईनं वळून पाहिलं. त्यानं नाही. बाई वळली म्हणून मग तो वळला.

त्या बाईनं तिला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि जे सांगायचं ते भीड न ठेवता सांगितलं. ती ऐकू न येणाऱ्यांना ओठ वाचायला शिकवायची. त्याला ऐकू कमी येण्याला तीनेक वर्षं झाली असावीत. आधी वरचे स्वर गेले, व्हायोलिनची वरची तार लावताना त्याला कळलं. मग व्यंजनं गळायला लागली. गिऱ्हाइकांना कळलं तर कोण वाद्य आणून देणार? म्हणून यंत्र नाही. म्हणून फोन नाही. तार तो आता लाकडाला हनुवटी टेकवून, हाडातून ऐकून लावायचा. "काही माणसं ऐकू येईनासं झालं की मुकी होतात," बाई म्हणाली, "आणि काही ओरडायला लागतात. स्वतःचा आवाजच त्यांना पोचत नाही." हे ती सहज म्हणाली, पण घोट घेता घेता हिचा हात थांबला. यंत्रांच्या धडधडाटात उभं आयुष्य काढलेले वडील, मीठ मागायचं तरी ओरडणारे. आईला ठाऊक होतं का? आणि मग लगेच, सवयीनं, शंका: पण ताट? ताट कानानं फेकलं जात नाही. तिला वडिलांना माफ करण्याची घाई नव्हती. तिनं पाणी संपवलं.

घरी येईपर्यंत दोघं काही बोलले नाहीत. त्यात नवीन काही नव्हतं, फक्त आता प्रत्येक गप्प क्षणाला ती आतून उचकून बघत होती. स्वयंपाकघरात तो नेहमीच्या खुर्चीवर बसला. ती समोर बसली, उजेड आपल्या तोंडावर येईल अशी. बाईनं तेवढं सांगितलं होतं.

"शनिवारी म्हणजे काय?" तिनं विचारलं. तो पुढे वाकला. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, आणि स्वतःच अंग चोरलं. "त्या दिवशी मी म्हटलं गॅस बंद केलास का, तर तू म्हणालास शनिवारी."

"गॅस?" त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हसू आलं, मेलेलं. "मला फक्त 'बंद' कळलं. मला वाटलं, दुकान बंद कधी असतं विचारतेयस."

"आणि हसलास?"

"उत्तर बरोबर आलं असं वाटलं की मी हसतो."

तिलाही हसू यायला हवं होतं. दुसरा संसार नाही, नवा शर्ट तिनंच वाढदिवसाला आणलेला, मंगळवार-गुरुवारी माणूस बाराखडी शिकत होता. छातीवरचा दगड उतरला होता. पण तो उतरला तशी खालची जागा उघडी पडली. तीन वर्षं. तीन वर्षं हा माणूस अंदाजानं हो-नाही म्हणत आला होता. आईला आपल्याकडे आणू का म्हटलं तेव्हा "बघू". तिच्या वाढदिवसाला ती झोपताना काहीतरी म्हणाली होती, जे ती पुन्हा कधीच म्हणू शकली नसती, तेव्हा "मलाही". घरातली एकेक वस्तू जणू कुणीतरी उचलून बघत होतं, ही खरी का, ही खरी का. आणि मग तिचा हात एका जागी येऊन थबकला.

"ऐक," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी मी तुला विचारलं होतं, की मी गेले नाही तर चालेल ना तुला. आणि तू म्हणालास, चालेल."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. मग त्याची नजर, कितीतरी दिवसांनी, वर तिच्या डोळ्यांपर्यंत आली.

"कुठे जायचं होतं तुला?"

समुद्रापलीकडची ती वेधशाळा, तिनं सांगितलं. तीन वर्षांचं बोलावणं. तिच्यासारख्यांना ते जन्मात एकदा येतं. कोरड्या डोंगरमाथ्यावरची मोठी दुर्बीण, आणि लांबच्या, मंद, म्हाताऱ्या दीर्घिकांची ती गर्दी, जी इथून कधीच धड दिसणार नव्हती. तिनं नकार कळवला होता. गणितवालीला म्हणाली होती, "घरी नाही जमत." दोन वर्षं तिनं ते त्याच्या खात्यावर मांडून ठेवलं होतं, न बोलता. तो हळू जेवला की तिला ते आठवायचं. तो झोपेत कूस बदलायचा तेव्हा आठवायचं. किती सहज म्हणाला हा, चालेल!

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुला त्यांनी बोलावलंच नाही. गणितवाली एकदा काहीतरी म्हणत होती, मला पुरतं कळलं नाही. मी म्हटलं, तुला वाईट वाटेल, नको विचारायला."

खरं बोलतोय का हा? तिनं त्याचा चेहरा तपासला, कपाळ, भुवया, ओठांचे कोपरे. आता कान नाहीत हे किती सोयीचं आहे, जे नको ते ऐकलंच नव्हतं म्हणायला! हा विचार तिच्या मनात आला, आणि आला तसा तिनं तो परतवला नाही. उलट त्याला घेऊन ती त्या दिवसाकडे परत गेली, नीट, कामात जाते तशी, बघणारी कुठे उभी होती ते आधी ठरवत. ती ओट्यापाशी होती. भांडी घासत होती. तो मागे, याच खुर्चीवर.

"तू कुठून विचारलंस मला?" त्यानं विचारलं. "इथे समोर बसून?"

"नाही. ओट्यापाशी होते."

"तोंड इकडे?"

"तिकडे."

"नळ?"

तिची नजर ओट्याकडे गेली.

"नळ चालू होता का?"

"होता," ती म्हणाली, आणि ते इतकं हळू म्हणाली, की तो ते ओठांवरूनच वाचू शकला असेल. नळ चालू होता, पूर्ण सोडलेला, आणि तिनं पाठमोऱ्यानं, हातातल्या पातेल्याशी बोलावं तसं विचारलं होतं. धडधाकट कानाच्या माणसालाही ते ऐकू गेलं नसतं. तेवढ्या लांब डोंगरावर एकटीनं तीन वर्षं काढायची तिला भीती वाटत होती, आणि तिला एक "चालेल" हवं होतं, कुणाचंही. ते तिनं मिळवलं आणि दुसऱ्याच्या नावावर लिहिलं.

तो उठला. ती वाट बघत होती, की आता तो कप उचलेल, विसळेल, आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहील. उद्यापर्यंत हे शिळं होईल. पण तो खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून तिथेच उभा राहिला, आणि त्याचं तोंड उघडलं.

"मग मला वळून विचारायचं होतंस ना!"

तो ओरडला. किती मोठ्यानं ते त्याचं त्यालाच कळलं नसावं, कारण फळीवरचं झाकण झणझणलं तरी तो थांबला नाही. "दोन वर्षं माझ्याकडे अशी बघत होतीस! मला वाटायचं, कळलं हिला, कान गेले ते कळलं, आणि कीव करतेय! मी जा म्हणालो असतो! रडलो असतो आणि जा म्हणालो असतो! मला विचारलंस का तू? विचारलंस?"

तिचे खांदे आपोआप वर आले, लहानपणीसारखे, आणि हात टेबलाच्या कडेवर आवळले. पण भिंतीवर काही फुटलं नाही. समोर फक्त एक माणूस होता, लाल झालेला, श्वास लागलेला, आणि उत्तरासाठी तिच्या तोंडाकडे जिवाच्या आकांतानं बघणारा. ती उभी राहिली. पोटातून काहीतरी वर आलं, खरखरीत, जाड, तिच्या ओळखीचं नसलेलं.

"मग तू का नाही सांगितलंस?" ती ओरडली. "तीन वर्षं! मी काय काय बोलत बसले तुझ्याशी! त्यातलं काय ऐकलंस तू? सांग! एकेक सांग! त्या रात्री 'मलाही' म्हणालास, ते कशाला म्हणालास?"

"कुठल्या रात्री?"

"माझ्या वाढदिवसाच्या!"

"दिवा बंद होता!" तो ओरडला. "मला काय माहीत तू काय म्हणालीस! मला आवडेल असंच काहीतरी असणार म्हणून म्हणालो!"

"मग आता ऐक!" आणि ती ते पुन्हा म्हणाली, जे पुन्हा कधीच म्हणता येणार नाही असं तिला वाटलं होतं ते, घसा ताणून, भरदुपारी, खिडक्या उघड्या असताना. वरच्या मजल्यावर चालणारी पावलं थांबली. त्याचे ओठ तिच्या ओठांबरोबर हलत होते, शब्द गोळा करत. अर्धे चुकत होते, ते तिला दिसत होतं, आणि चुकला की ती तेच पुन्हा ओरडत होती. थोड्या वेळानं कुणीतरी जिना उतरून आलं, आणि दाराची बेल वाजली, मग पुन्हा, लांबवर दाबून धरलेली. ती फक्त तिलाच ऐकू येत होती, आणि ती जागची हलली नाही.